नोझल नवं, तरी डिझेल का गळतंय?

(बचत गटांच्या साप्ताहिक कार्यक्रमात सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

मागच्या काही भागांत आपण कर्जाचे हप्ते, हिशोबाच्या वह्या, पापड-कुरडयांचं पॅकिंग यावर बोललो. आजचा विषय ऐकून काहीजणी रेडिओ नवऱ्याकडे किंवा मुलाकडे देतील. तसं करू नका, तुम्हीच ऐका. विषय आहे डिझेल इंजिनाचा. नेमकं सांगायचं तर इंजेक्टर किंवा नोझल बदलल्यावर इंजिन डिझेल गळायला लागतं, ते का गळतं, आणि ती गळती थांबवायची कशी.

आता हे बायकांच्या कार्यक्रमात कशाला? कारण आपल्या कितीतरी गटांकडे आज इंजिन आहे. कुणाची पिठाची गिरणी आहे, कुणाची मिनी दाल मिल, कुणी शेतीची अवजारं भाड्याने देतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल आपल्यापैकी अनेकींनी पाहिली आहे. ती विजेच्या मोटारीवर चालते, पण वीज गेली की दळण थांबतं, म्हणून जोडीला डिझेल इंजिन ठेवलेलं असतं. शेतात तर लाईट कधी दिवसा, कधी रात्री. विहिरीवरचं इंजिन अजून सुटलेलं नाही. कर्ज आपल्या नावावर, हप्ता आपण भरायचा, आणि मशीन बिघडली की मात्र ती पुरुषांची, असं कसं चालेल?

आमच्या संपर्कातल्या एका गटाची गोष्ट सांगते. गटाचं आणि गावाचं नाव घेत नाही. त्यांच्याकडे दाल मिल आणि पिठाची गिरणी आहे, जोडीला एक सिलिंडरचं डिझेल इंजिन. तूर घरात येऊन डाळ करायचा हंगाम सुरू झाला आणि इंजिन काळा धूर टाकायला लागलं. हँडल मारून मारून हात दुखायचे तेव्हा कुठे सुरू व्हायचं. मिस्त्री आला, नोझल बदललं, पैसे घेऊन गेला. इंजिन छान सुरू झालं. पण दुसऱ्या दिवशी बघतात तर इंजिन वरून ओलं, खाली डिझेलचं थारोळं. मिस्त्रीला फोन केला तर म्हणे, "नवं नोझल शे, थोडं तं गळसच. बसी जाई." म्हणजे नवं आहे, थोडं गळणारच, बसेल हळूहळू.

आठ दिवस खाली डबा ठेवून काम चाललं. मग एका शेतकऱ्याच्या डाळीच्या पोत्याला वास आला. पोत्याचं बूड जमिनीवरच्या डिझेलमध्ये भिजलं होतं. तो माणूस उरलेली तूर परत घेऊन गेला. गावात बोभाटा झाला, आणखी दोघं फिरकले नाहीत. हप्ता तोंडावर. बैठकीत एक काकू म्हणाल्या, "हे इंजिनच विकून टाका. बायकांचं काम नाही ते." अर्ध्या माना हलल्या. तेव्हा लहानपणी बापाच्या विहिरीवर इंजिन पाहिलेली एक वहिनी म्हणाली, "विकायचं तर विका, पण आधी ते गळतंय कुठून एवढं तरी बघू."

मैत्रिणींनो, आजच्या सगळ्या भाषणाचं सार त्या वाक्यात आहे. गळतंय एवढं म्हणून भागत नाही. कुठून गळतंय ते शोधायचं. त्या बायकांनी ते कसं शोधलं ते पुढे सांगते. आधी डिझेल इंजिनात फिरतं कसं ते समजून घेऊ.

टाकीतून डिझेल कॉकमधून खाली येतं आणि फिल्टरमध्ये जातं. फिल्टरमधून पंपात. इथपर्यंत डिझेल आपल्या वजनाने, सावकाश येतं, जसं माठाच्या तोटीतून पाणी. पंप त्याला एका बारीक भोकाच्या जाड लोखंडी नळीतून जोरात ढकलतो. ही प्रेशरची नळी. ती इंजेक्टरला जोडलेली असते. इंजेक्टर इंजिनाच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये बसवलेला असतो आणि त्याच्या टोकाला नोझल असतं. नोझलमध्ये एक सुई असते. प्रेशर आलं की सुई उचलली जाते, डिझेलचा अगदी बारीक फवारा आत उडतो आणि पेट घेतो. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर दर दोन फेऱ्यांना एक, म्हणजे मिनिटाला ७५० फवारे.

हे प्रेशर किती असतं? आपल्या अशा लहान इंजिनांमध्ये साधारण २०० किलोच्या आसपास. स्कूटीच्या चाकात आपण दोन किलोच्या आसपास हवा भरतो. म्हणजे त्याच्या शंभरपट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे जिवाशी गाठ आहे म्हणून सांगतेय.

आता आणखी एक गोष्ट. नोझलची सुई तिच्या घरात इतकी घट्ट बसवलेली असते की मधली फट केसापेक्षा कितीतरी बारीक. तरी त्या फटीतून थोडं डिझेल वर झिरपतं. ते झिरपलंच पाहिजे, त्यानेच सुईला वंगण मिळतं. हे उरलेलं डिझेल एका बारीक नळीने टाकीकडे किंवा फिल्टरकडे परत जातं. तिला कुणी ओव्हरफ्लो म्हणतं, कुणी रिटर्न. आपण परतीची नळी म्हणू.

म्हणजे इंजेक्टरजवळ तीन सांधे झाले. एक, प्रेशरच्या नळीचा नट. दोन, परतीच्या नळीचा बोल्ट. तीन, इंजेक्टर हेडमध्ये जिथे बसतो ती तळाची जागा. नोझल बदलताना मिस्त्री हे तिन्ही सांधे उघडतो. म्हणून नोझल बदलल्यावर गळती लागली तर दोष बहुतेक वेळा नव्या नोझलचा नसतो, उघडून परत जोडलेल्या सांध्याचा असतो. आणि "बसेल हळूहळू" हे खरं नाही. सांध्यातून डिझेल गळणं आपोआप थांबत नाही.

आता शोधायचं कसं? इंजिन बंद करा. थंड होऊ द्या. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी वर बांधा. पट्ट्यात ओढणी अडकून काय होतं ते खान्देशातल्या प्रत्येक गावाला माहीत आहे, मी वेगळं सांगत नाही. मग ब्रशने आणि थोड्या डिझेलने इंजेक्टरभोवतीची सगळी घाण धुवा. स्वच्छ सुती फडक्याने कोरडं करा. कापसाचा बोळा किंवा धागे सुटणारं फडकं वापरू नका. आपल्याकडे कापूस घरोघरी आहे, पण त्याचा एक तंतू नोझलमध्ये गेला तर नवं नोझलही वाया.

कोरडं झालं की तोंडाला लावायची साधी पावडर घ्या आणि तिन्ही सांध्यांवर हलकी भुरभुरवा. सगळं पांढरं दिसेल. इंजिन सुरू करा, वेग कमी ठेवा, आणि एक-दोन हात लांब उभं राहून बॅटरीच्या उजेडात बघा. पावडर जिथे आधी काळी, ओली पडेल, तिथे गळती. डिझेल वरून ओघळून खाली ठिबकतं, म्हणून ठिबकण्याची जागा ही गळण्याची जागा नसते. पावडर हे बरोबर दाखवते. बघून झालं की लगेच बंद करा.

आणि आता जिवाची गोष्ट. प्रेशरच्या नळीवर गळती शोधायला बोट किंवा तळहात कधीही लावायचा नाही. कधीच नाही. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून दोनशे किलोने येणारी धार कातडी फोडून आत जाते. बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. आत मात्र डिझेल पसरत जातं, काही तासांत हात सुजतो, बोट किंवा हात कापायची वेळ येऊ शकते. असं कुणाचं झालंच तर हळद लावून घरी बसू नका, उद्यावर ढकलू नका. तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "इंजिनाचं डिझेल प्रेशरने हातात गेलंय." ठिपका लहान दिसतो म्हणून डॉक्टरांचाही गैरसमज होऊ शकतो, म्हणून हे वाक्य महत्त्वाचं. फवारा आहे का हे बघायचंच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा लांब काठीला बांधून पुढे धरा. पुठ्ठा ओला झाला की कळलं.

आता एकेक सांधा घेऊ.

पहिला, प्रेशरच्या नळीचा नट. या नळीच्या टोकाला शंकूसारखा आकार असतो. तो शंकू इंजेक्टरच्या खोलगट तोंडात बरोबर बसला की डिझेल अडतं. आट्यांनी डिझेल अडत नाही, शंकूने अडतं. म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणं, एमसील लावणं, साबण घासणं, यातलं काही उपयोगी नाही. उलट टेपचा तुकडा आत गेला तर नोझल तुंबतं. टाकीच्या भोकाला साबण लावून दिवस काढलेले मी पाहिले आहेत, पण टाकीत प्रेशर नसतं, इथे आहे.

इथे गळत असेल तर आधी नट आणखी कसू नका. नळीची दोन्ही टोकं, पंपाकडची आणि इंजेक्टरकडची, सैल करा. शंकू आणि त्याची बैठक पुसून बघा. मातीचा एक कण असला तरी गळतं. मग नळी दोन्हीकडे सरळ बसते का बघा. ओढूनताणून बसवायची नाही, वाकवायची तर मुळीच नाही. दोन्ही नट आधी नुसत्या बोटांनी फिरवा. बोटांनी सहज फिरले म्हणजे आटे बरोबर धरलेत. अडलं तर उलट फिरवून परत लावा, नाहीतर आटे मरतात. शेवटी पान्याने कसा. बहुतेक इंजिनांना इथे १७ किंवा १९ चा पाना लागतो. एका पान्याने इंजेक्टरची खालची बाजू धरून ठेवा आणि दुसऱ्याने नट कसा, नाहीतर इंजेक्टरच जागेवरून फिरतो. जोर बेताचा. पान्याला पाईप घालून कसलं तर शंकू चेपतो, त्याला चीर जाते, आणि मग नळी नवीनच घ्यावी लागते. एवढं करूनही गळलं, किंवा शंकूवर चीर दिसली, तर नळी बदलायची. त्या नळीला वेल्डिंग करायचं नाही.

दुसरा सांधा, परतीची नळी. इथे प्रेशर नसतं, पण सगळ्यात जास्त गळती इथेच सापडते. या नळीच्या टोकाला गोल कडं असतं आणि त्यातून एक पोकळ बोल्ट जातो. कड्याच्या वर एक आणि खाली एक असे तांब्याचे दोन वॉशर लागतात. आपल्याकडे वायसर म्हणतात. तांबं मऊ असतं, कसलं की चेपून फट बुजवतं. पण एकदा चेपलेलं तांबं कडक होतं, आणि तोच वायसर परत लावला की गळतो. म्हणून नोझलसोबत वायसर नवे घ्यायचे. नोझलच्या किमतीपुढे वायसरची किंमत काहीच नाही.

हंगामात रात्री-बेरात्री नवा वायसर मिळाला नाही तर एक घरगुती उपाय आहे. जुना वायसर सांडशीत धरून गॅसवर लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. तांबं परत मऊ होतं. लोखंड तापवून पाण्यात टाकलं की कडक होतं, तांब्याचं तसं नाही. वरची काळी खपली हलक्या हाताने पुसा आणि लावा. हे फक्त परतीच्या नळीसाठी. बहुतेक ट्रॅक्टरना एकापेक्षा जास्त इंजेक्टर असतात, तिथे परतीला रबरी नळ्याही असू शकतात. त्या उन्हाने आणि उष्णतेने कडक होऊन चिरतात. नोझल बदलताना ओढून काढल्या की फाटतात. त्याही नव्या टाकायच्या.

तिसरा सांधा, इंजेक्टरची तळाची बैठक. हेडच्या खड्ड्यात तळाला एक तांब्याचा वायसर असतो, त्यावर इंजेक्टर बसतो. इथून डिझेलपेक्षा आतला गरम वायू निसटतो. इंजेक्टरच्या मुळाशी काळं, तेलकट वलय दिसतं आणि फुस्स-फुस्स आवाज येतो. याचं एक नेहमीचं कारण असं की इंजेक्टर काढताना जुना वायसर खड्ड्यातच चिकटून राहतो. कुणी आत न बघता त्यावर नवा टाकतं. दोन वायसर झाले की इंजेक्टर वर उचलला जातो, फवारा चुकीच्या जागी पडतो, वायूही निसटतो. दुसरं कारण, इंजेक्टर धरणारे दोन नट सारखे कसलेले नसतात. एक पूर्ण कसून मग दुसरा कसला की इंजेक्टर तिरपा बसतो. थोडं इकडे, थोडं तिकडे, असं आळीपाळीने कसायचं. या जागेला वायसर नवाच हवा आणि त्याच इंजिनाचा, त्याच जाडीचा हवा.

आता त्या गटाकडे वळू. पावडर लावून बघितलं तेव्हा परतीच्या नळीचा बोल्ट आधी ओला झाला. उघडला तर कड्याच्या वर वायसर होता, जुना, आणि खाली नव्हताच. दोघीजणी एरंडोलला येऊन दोन नवे वायसर घेऊन गेल्या. लावले, कसले, ठिबकणं थांबलं. पण पुन्हा पावडर लावली तेव्हा इंजेक्टरच्या मुळाशी काळं वलय उमटलं. तिथे त्यांनी हात घातला नाही. मिस्त्रीला बोलावलं आणि बाजूला उभं राहून इंजेक्टर काढायला लावला. खड्ड्यात खरंच दोन वायसर निघाले, एकावर एक. आधी "थोडं तं गळसच" म्हणणारा तो मिस्त्री दोन वायसर हातात घेऊन काही बोलला नाही. त्याने काम नीट करून दिलं, जादा पैसे घेतले नाहीत. आजही तोच येतो, पण काम आता बायकांच्या डोळ्यांदेखत होतं. आणि ज्या काकू विकायचं म्हणत होत्या, त्याच आता सकाळी पावडरचा डबा घेऊन इंजिनाभोवती फेरी मारतात.

सांधे जोडून झाले तरी इंजिन लगेच सुरू होईलच असं नाही. नळ्या उघडल्या की आत हवा शिरते. डिझेल दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते, म्हणून हवा असली की नोझलला प्रेशरच मिळत नाही. याला आपल्याकडे एअर धरली म्हणतात. ती काढायची पद्धत टाकीकडून सुरू होते. टाकीत पुरेसं डिझेल आहे ना बघा, कॉक उघडा. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा. आधी बुडबुडे येतील, मग स्वच्छ डिझेल आलं की बंद करा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. शेवटी प्रेशरच्या नळीचा इंजेक्टरकडचा नट अर्धा फेरा सैल करून सावकाश हँडल फिरवा. डिझेल यायला लागलं की नट कसा. यानंतर हँडल फिरवताना नोझलमधून चर्र-चर्र आवाज येतो. तो आला की समजा हवा गेली. तोंड आणि हात लांब ठेवा.

अजून एक खूण. इंजिन अधूनमधून आपोआप बंद पडतं, पण खाली थेंबही नाही, तर गळती नाही असं समजू नका. टाकी खाली आणि पंप वर अशी जोडणी असेल तर सैल सांध्यातून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. आणि इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढली, ऑइल पातळ झालं आणि डिझेलचा वास आला, तर डिझेल आतल्या आत ऑइलमध्ये जातंय. अशा वेळी इंजिन चालवूच नका, आतले भाग घासून जातात.

काही कामं आपण करायची नाहीत, हेही सांगते. पंप उघडायचा नाही. इंजेक्टरचं प्रेशर ठरवणारा स्क्रू फिरवायचा नाही. नोझल आतून खोलायचं नाही. त्यासाठी पंप आणि नोझल तपासणारी दुकानं असतात, त्यांच्याकडे प्रेशर मोजायचं मशीन असतं. नवं नोझलसुद्धा तिथे तपासून घ्या, फवारा समोर दाखवायला सांगा.

हे सगळं तंत्र आपल्यापासून फार लांबचं आहे असं वाटत असेल तर थोडा इतिहास सांगते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचं इंजिन १८९७ मध्ये नीट चाललं. त्यात डिझेल आत ढकलायला दाबलेली हवा लागायची, मोठं लटांबर असायचं. पुढे १९२७ मध्ये बॉश कंपनीने इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली आणि लहान इंजिनं सोपी झाली. आपले मिस्त्री "माइकोचा पंप" म्हणतात ना, ती माइको म्हणजे बॉशचीच १९५१ मध्ये बंगळुरूला सुरू झालेली कंपनी. तिचा कारखाना आपल्या नाशिकला सातपूरमध्ये आहे, तिथे नोझल आणि इंजेक्टर बनतात. नाशिकला गेलात तर माइको सर्कल लागतं, ते यावरूनच.

आणि किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर बनवले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि तिची इंजिनं महाराष्ट्रातल्या विहिरीविहिरीवर पोहोचली. त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० मध्ये 'स्त्री' हे बायकांचं मासिक सुरू झालं. ज्या घराण्याने शेतात इंजिन आणलं त्याच घराण्याने घरात बायकांचं मासिक आणलं. मग आज बाईच्या हातात पाना आला तर नवल कसलं?

जगातही हे झालंय. आफ्रिकेत माली नावाचा देश आहे. तिथे १९९० च्या दशकात गावोगावच्या महिला मंडळांना डिझेल इंजिन देण्याची योजना झाली. एकाच इंजिनावर धान्य दळणं, भरडणं, बॅटऱ्या चार्ज करणं. इंजिनाची मालकी महिला मंडळाची, चालवायचं बायकांनी, हिशोबही बायकांनी ठेवायचा, त्यासाठी त्यांना शिक्षण दिलं गेलं. उखळात मुसळाने कुटण्यात जाणारे तास वाचले. आपल्या आज्यांनी जातं ओढलंय, त्यांना याची किंमत सांगायला नको.

आता पैशाचं. सेकंदाला एक थेंब, एवढंच गळतंय, म्हणून आपण डबा ठेवतो आणि विसरतो. हिशोब करा. डिझेलचे साधारण वीस-पंचवीस थेंब म्हणजे एक मिली. तासाला ३६०० थेंब, म्हणजे १५० मिलीच्या आसपास. सहा-सात तास इंजिन चाललं की एक लिटर गेलं. लिटरला नव्वद रुपये धरले तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत सव्वादोन हजार. कितीतरी गटांत हे एका सदस्याच्या वर्षभराच्या बचतीपेक्षा जास्त आहे. आणि दोन वायसरांना किती लागतं ते दुकानात जाऊन विचारा.

पैशाशिवाय जमिनीचं आणि पाण्याचं नुकसान वेगळं. सांडलेल्या डिझेलवर पाणी ओतून ते नाल्यात ढकलू नका. तो नाला शेवटी आपल्या अंजनीला किंवा गिरणेलाच मिळतो. लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून शोषून घ्या आणि ती गोळा करून विहिरीपासून, गुरांपासून लांब ठेवा. डिझेल लागलेलं फडकं चुलीजवळ वाळवू नका. धान्याची आणि डाळीची पोती इंजिनाच्या खोलीत ठेवायचीच नाहीत, आणि बाहेरही लाकडी फळीवर ठेवायची.

आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. त्या हिशोबाच्या वहीशेजारी इंजिनाची एक वही ठेवा. रोज किती तास चाललं, किती डिझेल टाकलं, ऑइलची पातळी किती, कुठे ओलं दिसलं. डिझेल तेवढंच टाकलं आणि तास कमी भरले की वहीच सांगेल, काहीतरी गळतंय. वाचता-लिहिता येणारी सून असेल तर वही तिच्याकडे द्या. कान ज्यांचे तयार आहेत त्या काकूंना आवाज ऐकायला बसवा. काम वाटून घेतलं की भीतीही वाटली जाते.

मिस्त्रीशी बोलताना चार गोष्टी विचारायच्या, आवाज न चढवता. पहिली, "दादा, काढलेले जुने भाग आम्हाला परत द्या." जुना वायसर हातात आला म्हणजे तो आत राहिलेला नाही. दुसरी, "नवे वायसर किती टाकले, कुठे कुठे टाकले?" तिसरी, "इंजिन गरम होईपर्यंत पंधरा मिनिटं आमच्यासमोर चालवून दाखवा." थंड इंजिन गळत नाही आणि गरम झालं की गळतं, असंही होतं. चौथी, "बिल लिहून द्या, भागाचं नाव आणि तारीख टाका." चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावडर लावून एकदा आपणच बघायचं.

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत एक काम करा. ज्या गटाकडे इंजिन आहे त्यांनी बैठक इंजिनाजवळ घ्या. इंजिन बंद असताना एकेकीने बोट ठेवून सांगायचं: ही टाकी, हा फिल्टर, हा पंप, ही प्रेशरची नळी, हा इंजेक्टर, ही परतीची नळी. सगळ्यांना सांगता आलं पाहिजे, नुसत्या अध्यक्ष-सचिवांना नाही. दोन पाने, चार तांब्याचे वायसर, एक ब्रश, एक फडकं आणि एक पावडरचा डबा, एवढं एका पेटीत घालून इंजिनाजवळ ठेवा, आणि पेटीची किल्ली कुणाकडे आहे ते वहीत लिहा.

काही अडलं तर प्रश्न लिहून आपल्या गटाच्या सीआरपी ताईकडे द्या, पुढच्या भागात आपण ते घेऊ. तोपर्यंत पदर खोचून, हात लांब ठेवून, डोळे उघडे ठेवून काम करा. नमस्कार.